तोंडी माहिती, १९७८

डॉक्टरबाई झारेंबा दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मुलीला भेटायला येत. तिसरा मजला, कपाट सात, वरून चौथा खण. खणात कापसावर अंबराचा, म्हणजे दगड झालेल्या राळेचा, एक तुकडा, जर्दाळूच्या बीएवढा, आणि त्यात तीन मिलिमीटर लांबीची एक बिनपंखी गांधीलमाशी. खाली बाईंच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: प्रजातीचं नाव, जागा, साल, आणि ‘कुणाला सापडली’ या रकान्यात ‘दो. झारेंबा’. प्रजातीचं नाव दोब्राव्हे, म्हणजे दोब्राव्हाची. नावाला लॅटिन शेपूट लावलं की माणूस अमर होतो, असा आमच्या धंद्यात समज आहे.

बाई भिंग काढत, दोन मिनिटं बघत, खण लावत आणि म्हणत, “ठीक आहे. तडा नाही.” मग चहा.

मुलगी गेली तेराव्या वर्षी, १९८२ च्या मार्चमध्ये. स्मशानातही बाई जात, पण फक्त नोव्हेंबरात, अख्खं ग्दान्स्क आपापल्या मृतांसाठी दिवे घेऊन जातं तेव्हा. “तिथलं नाव दगडवाल्यानं कोरलंय,” असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. “हे मी ठेवलंय.”

मी झेनोन. या संग्रहाचा सांभाळ करतो. अंबराचे तुकडे घासतो, नोंदी करतो, धूळ झटकतो, आणि शाळांच्या सहली आल्या की आमच्याकडे डायनासोर नाहीत हे सांगतो. नोकरीला लागलो ८८ साली, त्यामुळे दोब्राव्हाला मी खणातच पाहिलेली. २००४ पर्यंत बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण आमच्याकडे निवृत्तीनंतर पगार थांबतो, येणं थांबत नाही.

बाईंचं आयुष्य ज्या माश्यांत गेलं त्यांची एक खोड सांगायला हवी. मादीला पंख नसतात. दिसायला थेट मुंगी, आणि पुढच्या पायांना खेकड्यासारखा चिमटा. नराला पंख असतात, चिमटा नसतो. डासाचा गरीब चुलतभाऊ शोभेल. जिवंतपणी ते एकमेकांना बरोबर ओळखतात. चार कोटी वर्षं राळेत काढल्यावर ओळखायचं काम आमच्याकडे येतं आणि तिथे घोटाळा होतो. जगात नरांची एक यादी आहे, माद्यांची दुसरी, आणि कोण कुणाची बायको होती ते कुणालाच ठाऊक नाही. जोडपं नेमकं जोडप्याच्या अवस्थेत राळेत सापडलं तरच कळायचं. आमच्या संग्रहात असं जोडपं कधी आलं नव्हतं.

आता प्रोफेसर कापुस्ता. हे आमचे संचालक होते, बावीस वर्षं. कापुस्ता म्हणजे कोबी. पण हे आडनाव आमच्याकडे पुष्कळ भल्या माणसांचं असतं, त्यात हसण्यासारखं काही नाही, असं ते स्वतःच सांगत, त्यामुळे लोक खोलीबाहेर येऊन हसत. १९७६ साली बाईंनी एका पंखवाल्या नराचं वर्णन छापलं आणि त्याला नाव दिलं कापुस्ते. त्यामागे आदर होता. शिवाय प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक हवा होता. लेख छापून आला आणि दोन महिन्यांत येना या जर्मन गावाहून सूक्ष्मदर्शक आला. तो अजून चालतो. आदराचं तसं सांगता येणार नाही.

तर २००४ सालच्या नऊ डिसेंबरला बाईंचा नामदिवस होता, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस. आमच्याकडे वाढदिवस घरचा आणि नामदिवस गावाचा. टेबलावरच्या बाटल्या आणि ट्रे सरकवून मी खसखशीचा केक मांडला, छोटे ग्लास पुसून ठेवले. तेवढ्यात गेर्वाझी आला, एका हातात खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी आणि दुसऱ्यात रुमालाची पुरचुंडी. गेर्वाझीचं वाळूच्या पट्टीवरच्या गावात अंबराचं दुकान आहे. माळा, कर्णफुलं, नाताळात बाळ येशू. आत किडा दिसला की तो तुकडा बाजूला ठेवतो आणि आमच्याकडे घेऊन येतो. त्याच्या मते जगात कीटक दोनच: डास आणि मुंगी.

“डॉक्टरबाई, शंभर वर्षं जगा!”

“सहासष्ट झाली, गेर्वाझी. उरलेल्या चौतीस वर्षांत काय करायचं तेही सांगून जा.”

“हे बघत बसायचं.” त्यानं रुमाल सोडला. “मुंग्यांची कुस्ती. अशी कुस्ती मी चाळीस वर्षांत पाहिली नाही.”

मी वाकून पाहिलं. “एकाला पंख आहेत.”

“मग मुंगीची आणि डासाची. तुमच्या नियमात बसत नाही का?”

“दुकानात मांडली असतीस तर कुणीतरी चट उचलली असती,” मी म्हणालो.

“आला होता की एक जर्मन. म्हटलं, हे बाईंच्या नामदिवसाचं आहे. तो विचारतो, कोण बाई? म्हटलं, आमच्या गावातल्या सगळ्या किड्यांना नावं ठेवते ती.”

बाई हसल्या. मग तुकडा उजेडाकडे धरून म्हणाल्या, “दुधाळ आहे. काहीच दिसत नाही. झेनोन, उद्या घास.” आणि केक कापायला बसल्या. गेर्वाझीनं दोन ग्लास घेतले, तिसरा बाईंच्या तब्येतीसाठी घेतला आणि परतीच्या बसमध्ये झोपून एक थांबा पुढे उतरला, असं नंतर कळलं.

दुधाळ म्हणजे किडा कुजताना सुटलेल्या ओलाव्याचा पांढरा पापुद्रा. बाल्टिकच्या अंबरात तो असतोच. तो ज्या बाजूला नसेल त्या बाजूनं खिडकी पाडावी लागते. ओल्या पॉलिश कागदावर, हातानं, दहा घासे, पुसायचं, भिंगाखाली बघायचं, पुन्हा दहा. यंत्र वापरणारे लोकही आहेत. त्यांच्याकडे बिनपायांच्या माश्यांचा चांगला संग्रह असतो. १९९३ साली मी एका चिलटाचं डोकं घासून टाकलं. जगातलं तसलं एकुलतं एक डोकं होतं ते. तेव्हापासून मी घासे मोठ्यानं मोजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीपर्यंत मोजून झालं आणि खिडकी उघडली.

कुस्ती नव्हती. नर आणि मादी पोटाच्या टोकाशी जोडलेले होते. मी आधी चिमटा पाहिला. चिमट्याला अकरा दात, शेवटचा तिरपा. असा चिमटा जगात एकाच मादीला आहे, ती कपाट सात, खण चारमध्ये असते. मग नराचा पंख पाहिला. मधली शीर अर्ध्यात तुटून पुन्हा सुरू होते. अशी शीर एकाच नराला आहे. तो कपाट दोनमध्ये असतो आणि त्याचं नाव कापुस्ते.

मी तुकडा खाली ठेवला आणि हात पुसले.

आमच्या शास्त्रात कायदे पुष्कळ आहेत, पण हा एक निर्दय असल्यामुळे सगळ्यांना मान्य आहे: एका जिवाला एकच नाव, आणि ते आधी छापलेलं. नंतर छापलेलं नाव बुडतं. कापुस्ते १९७६ चं. दोब्राव्हे १९८४ चं. नवरा-बायको एकाच प्रजातीचे असतात, याला इलाज नाही. म्हणजे या तुकड्यानं तोंड उघडलं की कपाट सातमधल्या माशीचं नाव कापुस्ते होणार, आणि दोब्राव्हे हे नाव जगातल्या कुठल्याही यादीत स्वतःच्या ओळीवर दिसणार नाही.

मी पुन्हा भिंगातून पाहिलं. नराचा पंख खिडकीच्या अगदी लगत होता. माझ्या अंदाजानं बावीस घासे. बाविसाव्याला ती शीर गेली असती, आणि मग तो कुठलाही नर असता, कुणाचाही नवरा. असे अपघात होतात. माझ्या नावावर एक होताच. दुसऱ्याचं कुणाला नवल वाटलं नसतं.

मी कागद ओला केला. इतकंच केलं. तेवढ्यात बाई उरलेला केक घेऊन आत आल्या.

“काय दिसतंय?”

“दूध.”

“चाळीस वर्षं दूधच बघत आले मी. सरक.”

त्या बसल्या. येनाचा सूक्ष्मदर्शक त्यांच्या उंचीला लावलेलाच असे. त्यांनी पाहिलं. पाहतच राहिल्या. मी केकचे तुकडे उगाच सारखे करत होतो. खिडकीबाहेर बंदरातला भोंगा वाजला, थांबला. बाईंनी तुकडा किंचित फिरवला, चिमट्याचे दात मोजले. त्यांचे ओठ हलत होते. अकरापर्यंत आल्यावर त्या मागे टेकल्या.

“तिनं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“कुणी?”

“दोब्रुशानं. नऊ वर्षांची होती.”

दोब्रुशा हे दोब्राव्हाचं लाडाचं नाव. मग त्यांनी सांगितलं, ते असं. १९७८ च्या शरदात वादळ झालं. वादळानंतर सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर वाकून चालतं तशा मायलेकीही चालल्या होत्या. वाहून आलेल्या शेवाळाच्या ढिगात मुलीला तो जर्दाळूच्या बीएवढा तुकडा सापडला. “आई, ही मुंगी नाही, हिच्या हातात चिमटा आहे,” असं ती म्हणाली, आणि बाईंना तिचा अभिमान वाटला. पुढे सहा वर्षं त्यांना त्या तुकड्याकडे बघायला वेळ झाला नाही, ही गोष्ट वेगळी. मुलीचे वडील जहाजावर यांत्रिक होते आणि ते जहाजावरच राहिले, त्यामुळे मुलगी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतच असे. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून माश्यांची चित्रं काढी. एक दिवस बाई कपाट उघडतात तर कापुस्तेचा मूळ नमुना जागेवर नाही. ज्याच्यावरून नाव ठेवलं तो एकमेव नमुना. तो एका काड्यापेटीत निघाला, चिमटेवालीच्या शेजारी, कापसाच्या गादीवर.

“म्हटलं, हे काय? तर म्हणे, हे नवरा-बायको आहेत. म्हटलं, कशावरून? तर म्हणे, दोघांचं कपाळ बघ, सारखंच आहे, चिमणीच्या पायासारखी रेघ. मी म्हटलं, कपाळावर विसंबायचं नसतं. लग्नाचा दाखला आण, मग मानेन. मी त्यांना आपापल्या खणात ठेवलं. तिनं पुन्हा एकत्र ठेवलं. पुन्हा वेगळं केलं. तिसऱ्यांदा सापडले तेव्हा मी तिला मारलं, झेनोन. दोन फटके. मूळ नमुना काड्यापेटीत! कुणीही मारलं असतं.”

मी भिंगाखाली पाहिलं. कपाळ बघायचं मला सुचलंच नव्हतं. दोघांच्याही डोळ्यांच्या मधोमध एक उभी रेघ होती आणि तिला खाली तीन फाटे. चिमणीचा पाय.

“दाखला आणला कार्टीनं,” बाई म्हणाल्या.

कापुस्ताऐवजी दुसऱ्या कुणाचंही नाव असतं तर मी इतका विचार केला नसता. पण ८२ च्या जानेवारीत मुलीच्या रक्तात काहीतरी बिघडलं. देशात लष्करी अंमल, सीमा बंद. स्वीडनमधलं एक रुग्णालय तिला घ्यायला तयार होतं. पासपोर्टसाठी अर्जावर नोकरीच्या ठिकाणच्या प्रमुखाची सही लागे. बाईंनी अर्ज कापुस्तांच्या टेबलावर ठेवला. ते “बघतो” म्हणाले, आणि मूत्रपिंडाच्या विकारासाठी झऱ्याचं पाणी प्यायला डोंगरात गेले. सही करायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. बाई रोज दुपारी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर पाव-चीज घेऊन बसत, कारण परतायची तारीख कुणालाच माहीत नव्हती. तीन आठवडे. मग सही झाली. त्याच्या चार दिवस आधी मुलगी गेली होती. अंत्यविधीला कापुस्तांनी सगळ्यांत मोठं पुष्पचक्र आणलं आणि खरंच रडले.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी नंतर पत्रानं कळवलं की आणूनही बहुधा उपयोग झाला नसता. बाईंनी ते पत्र ठेवलं आहे. त्यातल्या ‘बहुधा’ या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ आहे.

“ते वाईट नव्हते,” असं बाई कापुस्तांबद्दल म्हणत. “वाईट माणसाशी भांडता येतं.”

त्या दुपारी आम्ही दोघांनी काहीच ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी मला एक पळवाट सुचली. आधी छापलेलं नावसुद्धा एका कारणानं बाद होतं: त्याच वंशात तेच नाव त्याच्याही आधी कुणी दुसऱ्या माशीला देऊन ठेवलं असेल तर. मग ते रद्द, आणि पुढच्या नावाला जागा. म्हणजे १९७६ च्या आधी या वंशात आणखी एका कोबीच्या नावाची माशी असायला हवी होती.

“बाई, शोधू?”

“शोध. तुझं समाधान होईल.”

नाताळापर्यंत मी शोधत होतो. जुन्या जर्मन याद्या, रशियन याद्या, एक ब्राझीलची यादी जिची पानं चिकटलेली होती. कापुस्ता नावाचे लोक जगात कुठेकुठे पोचले आणि त्यांनी किती सूक्ष्मदर्शक दिले याची मला चांगली कल्पना आली. कापुस्ते नावाची एक गोगलगाय आहे. एक भुंगा आहे. एक शेवाळही आहे, बिनमहत्त्वाचं. माशी दुसरी नाही.

तेवीस तारखेला मी यादी बाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढून वाचली. “गोगलगाय खरी वाटते,” म्हणाल्या.

मग मी ते बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो. “त्या दिवशी तुम्ही पाच मिनिटं उशिरा आला असता तर प्रश्नच उरला नसता. माझा हात घसरला असता. बावीस घासे फक्त.”

“एकवीस,” बाई म्हणाल्या.

मी यादीवरचा हात काढून घेतला.

“तुला काय वाटलं, मी मोजले नाहीत? खुर्चीवर बसल्या बसल्या मोजले. कागद ओला होता तेही पाहिलं. तुझ्या दुधाला पाणी सुटलं होतं.”

“मग म्हणाला का नाहीत?”

“काय म्हणू? घास म्हणू?” त्यांनी यादीची घडी घातली. “तिच्या नावाचं मलाही वाटतं रे. वीस वर्षं दर सोमवारी मी नाव बघायला येते, माशी नाही. पण तिचं म्हणणं खरं निघालंय. आयुष्यात एक गोष्ट ती शास्त्राची म्हणून बोलली, त्यावर मी तिला मारलं. आता पुरावा आलाय तर तो घासून टाकू?”

मी हेरिंगची बरणी उघडली. आम्ही उभ्यानंच खाल्लं.

लेख जानेवारीत लिहून झाला. चार पानं, सहा आकृत्या. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘दोब्राव्हे हे नाव कापुस्ते या नावाचा नंतरचा पर्याय ठरतं; यापुढे ते वापरू नये.’ मी टंकलेखन केलं. ‘वापरू नये’ हे दोन शब्द मी तीनदा चुकलो. त्याच्या पुढचं वाक्य असं होतं: ‘हा नर आणि ही मादी एकाच प्रजातीचे आहेत हे कपाळावरच्या रेघेवरून प्रथम दो. झारेंबा यांनी ओळखलं (तोंडी माहिती, १९७८).’

“हे चालेल का?” मी विचारलं.

“का नाही? न छापलेली गोष्ट कुणी तोंडानं सांगितली तर नाव, साल द्यायचं. तुझ्या त्या चिलटाच्या लेखात तू चर्चच्या रखवालदाराचं नाव दिलं होतंस.”

“त्यानं दिवा धरला होता.”

“हिनं बघितलं होतं.”

एका प्रजातीचे नमुने एका खणात, हाही नियमच. त्यामुळे कापुस्तेचा नर कपाट दोनमधून सातमध्ये हलवणं आलं. मी हातमोजे घालायला लागलो, तर बाईंनी मला बाजूला केलं. त्यांनी स्वतः नर आणला आणि दोब्राव्हाच्या माशीशेजारी ठेवला. तिसरा ठेवला गेर्वाझीचा तुकडा. नवीन चिठ्ठी लिहिली. जुनी चिठ्ठी फेकायची नसते, ती नव्या चिठ्ठीखाली जाते. बाईंनी ती तशी ठेवली. मग नराचा आणि मादीचा, असे दोन सुटे तुकडे बोटानं किंचित जवळ सरकवले, मधला कापूस सारखा केला, आणि खण लावून तिथेच उभ्या राहिल्या. त्या सोमवारी त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं नाही.

संपादकाचं पत्र फेब्रुवारीत आलं. परदेशातलं मासिक, सौजन्यशील माणूस. लेख उत्तम, आकृत्या उत्तम, नाव बुडवल्याबद्दल अभिनंदन. फक्त एक अडचण: मासिकाच्या नव्या धोरणानुसार तोंडी माहिती देणाऱ्याची लेखी संमती लागते. श्री. दो. झारेंबा कुठल्या संस्थेत आहेत? आडनाव लेखिकेचंच दिसतं. हितसंबंध असल्यास जाहीर करावेत.

मी उत्तर पाठवलं की त्या हयात नाहीत. उलट टपाली खेद आला: ‘एका सहकाऱ्याच्या निधनाबद्दल आमच्या संवेदना. त्यांचं संशोधन तुमच्या कामातून जिवंत राहील.’ सोबत कोरा फॉर्म. मृत व्यक्तीच्या बाबतीत वारसाची सही, आणि खाली लेखिकेच्या संस्थेच्या प्रमुखाची सही व शिक्का.

“वाक्य काढून टाकू या का?” मी विचारलं. “फॉर्मची कटकट तरी वाचेल.”

“पेन दे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी फॉर्म शांतपणे भरला. माहिती देणाऱ्याचं नाव: दोब्राव्हा झारेंबा. संस्था: प्राथमिक शाळा, इयत्ता तिसरी. मी म्हटलं, हे लिहिलं तर संपादक चक्रावेल. “चक्रावू दे. खोटं आहे का?” या क्षेत्रातला अनुभव: अंबर गोळा करणं, चार वर्षं. वारसाचं नाव: लेओकादिया झारेंबा. मृत व्यक्तीशी नातं.

इथे पेन थांबलं. रकाना छोटा होता, एका शब्दाचा. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मी खिडकीशी जाऊन ट्रॅम बघत उभा राहिलो, दोन गेल्या. वळलो तेव्हा रकान्यात ‘आई’ लिहिलेलं होतं, आणि बाई शाई वाळायची वाट बघत होत्या.

संचालकांच्या सहीसाठी त्या दुसऱ्या दिवशी आल्या. आमचे हल्लीचे संचालक डॉ. कॉर्नेल, वय अडतीस, चांगला पोरगा, माश्यांतलं काही कळत नाही. बाईंनी काळा कोट घातला होता, जो त्या नोव्हेंबरात घालतात. पिशवीत कागदात गुंडाळलेला पाव, थर्मास, वाचायला एक जाडं पुस्तक आणि कमरेखाली घ्यायला छोटी उशी.

“बाई, उशी कशाला?” मी विचारलं.

“तो बाक फार कडक आहे.”

मी सोबत गेलो. दार उघडंच होतं. कॉर्नेल उभा होता, कानाशी फोन. त्यानं हातानंच ‘या, या’ केलं, फॉर्म घेतला, भिंतीला टेकवून सही केली, फोनमध्ये “हो, ऐकतोय” म्हणाला आणि फॉर्म परत दिला.

“आणखी काही, डॉक्टरबाई?”

बाई फॉर्मकडे बघत होत्या. “एवढंच?”

“एवढंच. शिक्का खाली ऑफिसात मारून देतील. बसा ना, कॉफी सांगू?”

“नको,” बाई म्हणाल्या. “मी बाहेर थांबते.”

“कशासाठी?” कॉर्नेलनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. ८२ साली तो शाळेत होता. दोब्राव्हापेक्षा दोनच वर्षांनी मोठा.

बाई बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. बाक तोच आहे. वर भिंतीवर माजी संचालकांच्या तसबिरी, डावीकडून तिसरे प्रोफेसर कापुस्ता, प्रसन्न. बाईंनी उशी काढली नाही. फॉर्म मांडीवर ठेवला. सहीवर बोट फिरवलं. शाई ओली होती, किंचित पसरली.

मी शेजारी बसलो. घड्याळात अकरा वाजायलाही पाच मिनिटं होती.

“किती वेळ लागला, झेनोन?”

“अर्धं मिनिट.” मग मला खोटं बोलवेना. “तेवढाही नाही.”

त्यांनी मान हलवली. पिशवीतून पाव काढला, कागद उलगडला, अर्धा मला दिला. चीज आणि काकडीचं लोणचं. दिवसभर पुरेल इतका आणला होता. आम्ही तिथेच बसून खाल्ला. जिन्यावरून चढणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी नमस्कार केला आणि साहेब आत आहेत का, म्हणून विचारलं.

“आहेत,” बाई म्हणाल्या. “जा. लगेच करतात.”